नर्मदेच्या गावी दक्षिणेची चूल

जबलपूरचे नाव निघताच आपणांपैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि धुवांधारचे तुषार उभे राहतात. त्यात वावगे काही नाही. परंतु मुलाबाळांसह तेथे गेलेल्या कुटुंबाला दुपारी बाराच्या सुमारास जी भूक लागते, तिची तृप्ती संगमरवराने होत नाही. अशा वेळी गावातल्या माणसाला, सर्वांना एकत्र बसून, स्वच्छ आणि बेताच्या किमतीत खाता येईल असे ठिकाण कोणते, असे विचारावे. पुष्कळदा उत्तर मिळते, कॉफी हाऊस. कोणी करमचंद चौकातले सांगतो, कोणी सदर बाजारातले. विंध्य आणि सातपुडा यांच्यामध्ये वसलेल्या, हिंदी बोलणाऱ्या आणि सकाळी पोहे-जिलबी खाणाऱ्या या गावात घरोब्याचे झालेले उपाहारगृह इडली, डोसा आणि सांबार देणारे असावे, ही गोष्ट थोडी नवलाची आहे. ती कशी घडली, हे या वेळी पाहू.

प्रथम शब्दाविषयी एक खुलासा. भाषांतरकाराच्या सवयीने ‘कॉफीपानगृह’ असा शब्द सहज घडविता येईल, आणि व्याकरणदृष्ट्या त्याला कोणी हरकतही घेणार नाही. पण जबलपूरच्या स्थानकाबाहेर उभ्या असलेल्या रिक्षावाल्याला तो सांगून पाहावा! आपण कोठेही पोहोचणार नाही. तेव्हा या लेखात कॉफी हाऊसला कॉफी हाऊसच म्हटले आहे. डोसा हा शब्दही असाच. तो कन्याकुमारीपासून जम्मूपर्यंत कोणाच्या मदतीवाचून जाऊन पोहोचला आहे.

या गोष्टीचा आरंभ भुकेतून झालेला नाही. विकल्या न गेलेल्या कॉफीतून झालेला आहे. १९३० च्या सुमारास जगभर मंदी आली आणि कॉफीचे भाव कोसळले. म्हैसूर, कूर्ग, निलगिरी या भागांतील मळेवाल्यांपुढे प्रश्न उभा राहिला की, परदेशी गिऱ्हाईक नसेल तर हे बी विकावयाचे कोणाला? देशात कॉफी पिणारे होते, पण ते बहुतांशी दक्षिणेतच. उत्तरेने आणि पश्चिमेने चहा उचलला होता, आणि तोही आपसुक उचललेला नव्हता. त्यामागे चहा-व्यवसायाने वर्षानुवर्षे चालविलेला प्रचार होता. कॉफीनेही तोच मार्ग धरला. १९३५ साली कॉफीवर उपकर बसविणारा कायदा झाला, त्या पैशातून एक समिती उभी राहिली, आणि १९३६ साली मुंबईत चर्चगेट येथे पहिले ‘इंडिया कॉफी हाऊस’ उघडले. पुढे महायुद्धाने युरोपची बाजारपेठ बंद पाडली. १९४२ च्या कॉफी अधिनियमानुसार कॉफी मंडळाकडे व्यवहार आला, आणि त्या दशकात देशातील कॉफी हाऊसची संख्या पन्नासाच्या घरात गेली. म्हणजे आपल्याकडील वाचकाला आज जे ठिकाण चर्चा, कविता आणि राजकारण यांचे माहेरघर म्हणून आठवते, ते मुळात मालाची जाहिरात करण्यासाठी काढलेले दुकान होते.

जाहिरातीचे काम झाले, की जाहिरात बंद करण्याची बुद्धी होते. १९५० नंतरच्या मध्यावर मंडळाने धोरण बदलले आणि आपली कॉफी हाऊस बंद करावयाचे ठरविले. त्याचा हिशेब मंडळाच्या कागदावर बरोबर असेलही. परंतु त्या कागदावर नसलेली माणसे होती. भांडी घासणारे, कॉफी गाळणारे, टेबलावर पेले नेऊन ठेवणारे असे कित्येक कामगार एकदम निराधार होऊ घातले. त्यांतील पुष्कळजण केरळाकडून येऊन शेकडो कोसांवरच्या शहरांत राहिलेले होते. हातात एकच कसब, गावाकडे शेत नाही, आणि वयही नवी उमेदवारी करण्याचे राहिलेले नाही. अशा माणसाला नोकरीवरून कमी केल्याचे पत्र मिळणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी असे पत्र आले आहे त्यांना सांगावयास नको.

या कामगारांना मार्ग दाखविणाऱ्यांत केरळचे साम्यवादी पुढारी आणि लोकसभेचे सदस्य ए. के. गोपालन हे अग्रभागी होते. त्यांनी सुचविलेला उपाय मोर्चाहून निराळा होता. मंडळाला दुकान चालवावयाचे नसेल, तर ते कामगारांनीच घेऊन चालवावे, असा तो होता. कामगारांनी भागभांडवल जमवावे, सहकारी संस्था नोंदवावी आणि आपण आपले धनी व्हावे. १९५७ च्या ऑगस्टमध्ये बंगलोर येथे पहिली संस्था निघाली. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला नवी दिल्लीत कामगारांच्या मालकीचे पहिले कॉफी हाऊस उघडले. ‘इंडिया’चे ‘इंडियन’ झाले, ते याच वेळी. एका अक्षराची ही भर पाटीवर फारशी जाणवत नाही, पण आत मालक बदललेला होता. १९५८ संपेपर्यंत पाँडिचेरी, त्रिचूर, लखनौ, नागपूर, जबलपूर, मुंबई, कलकत्ता, तेल्लिचेरी आणि पुणे येथपर्यंत हा प्रकार पोहोचला. केरळात या उभारणीत झटलेले एन. एस. परमेश्वरन् पिळ्ळै यांना तर लोक ‘कॉफी हाऊस पिळ्ळै’ म्हणूनच ओळखू लागले.

या यादीत कलकत्ता आणि दिल्ली असणे समजू शकते. जबलपूर का?

त्यासाठी गावाचा नकाशा थोडा उलगडून पाहिला पाहिजे. १८७० च्या मार्चमध्ये मुंबईकडून आलेली आणि कलकत्त्याकडून आलेली अशा दोन आगगाड्यांच्या वाटा जबलपूरला एकमेकींस मिळाल्या, आणि देशाच्या दोन टोकांमधला प्रवासी येथून जाऊ लागला. छावणी तर त्याआधीपासून होती. विसाव्या शतकाच्या आरंभी तोफगाड्यांचा कारखाना निघाला, दुसऱ्या महायुद्धात खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला, १९६९ साली लष्करी वाहनांचा कारखाना आला. लष्कर, रेल्वे आणि कारखाने यांबरोबर तमिळ, मल्याळी, बंगाली, पंजाबी अशी सर्व प्रांतांची कुटुंबे येथे येऊन राहिली. मराठी माणसांचा संबंध तर त्याहून जुना. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख सागरच्या मराठ्यांकडून नागपूरकर भोसल्यांकडे आला होता आणि १८१७ नंतर तो इंग्रजांच्या हाती गेला. पुढे मध्यप्रांताची राजधानी नागपूर असल्यामुळे कचेरीचे काम, कोर्टाचे काम, सोयरिकी, सर्व काही नागपूर-जबलपूर असे चालत असे. गोंदियाहून निघून नैनपूरमार्गे जबलपूरला पोहोचणारी अरुंद रुळांची लहान गाडी विदर्भातील किती पिढ्यांनी पाहिली असेल! ती २०१५ साली बंद झाली, आणि आता त्या मार्गावर मोठे रूळ पडले आहेत.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूरची राजधानी गेली; जबलपूरला ती मिळाली नाही, भोपाळला मिळाली; जबलपूरच्या वाट्याला उच्च न्यायालय आले. ज्या वर्षी गावातले जाणते लोक या हानिलाभाचा हिशेब करीत होते, त्याच्या पुढच्या एकदोन वर्षांतच कॉफी कामगारांची सहकारी संस्था येथे उभी राहिली. न्यायालय असलेल्या गावात वकील असतात, पक्षकार असतात, तारखेची वाट पाहणारे असतात. आणि वाट पाहणाऱ्या माणसाला बसावयास जागा आणि समोर एक पेला लागतो. माझ्या मते कॉफी हाऊसला येथे जे गिऱ्हाईक मिळाले, त्यात या गोष्टीचा वाटा लहान नसावा.

परंतु एकट्या कॉफीवर संस्था चालत नाही. कॉफीचा एक पेला घेऊन दोन तास बसणारा मनुष्य संस्कृतीला पोषक असला तरी जमाखर्चाला नसतो. मंडळाच्या काळी तोटा सोसावयास उपकराचा पैसा होता. सहकारी संस्थेच्या मागे कोणी नव्हते. म्हणून कॉफीबरोबर पोटाला आधार देणारे पदार्थ आले, आणि ते आणताना कामगारांनी आपल्या आईच्या हाताखाली पाहिलेलेच आणले. इडली आली, डोसा आला, वडा आला, उत्तप्पा आला. याच्या बाजूला साहेबी क्लबांतून उरलेले पदार्थ, कटलेट, आम्लेट, लोणी लावलेला पाव, हेही राहिले. आणि भोवतालच्या लोकांची जेवणाची रीत ध्यानात घेऊन भाजी-पोळीचे ताटही अनेक ठिकाणी येऊन बसले. एकाच टेबलावर आजोबा डोसा खात आहेत, नातू कटलेट कुस्करतो आहे आणि आजीने केवळ कॉफी मागविली आहे, हे दृश्य तेथे कोणास चमत्कारिक वाटत नाही.

मुंबईकर वाचक म्हणेल, यात नवे ते काय? माटुंग्याला आमच्याकडे उडपी उपाहारगृहे किती वर्षांची आहेत! खरे आहे. पण दोहोंतला फरक पाहण्यासारखा आहे. मुंबईला डोसा आला तो दक्षिण कानड्यातून आलेल्या कुटुंबांच्या खाजगी धंद्याबरोबर; बापाकडून मुलाकडे, मामाकडून भाच्याकडे गल्ला गेला. नर्मदेच्या काठी तो मुख्यत्वे कॉफीच्या बोटाला धरून, बेकार होऊ घातलेल्या कामगारांच्या सामायिक पेटीतून आला. चव सारखी लागेल, पण गल्ल्यावर बसलेला मनुष्य सारखा नाही.

शिवाय डोसा येथे अगदीच परका पाहुणा नव्हता. महाकोशलात बेसनाचा चीला घरोघर होतो. तेथून पूर्वेला छत्तीसगडात तांदळाच्या पिठाचा चीला आणि वाफवलेला फरा सणावारी असतोच. आपल्याकडील घावन, धिरडे, आंबोळी ही याच गोतावळ्यातली. तव्यावर पातळ पीठ घालून त्याचा पदर उचलण्याची युक्ती ज्या घरात आहे, त्या घराने डोसा पाहून ‘हा आपल्यातलाच, थोडा मोठा झालेला’ असे म्हटले तर नवल नाही. सांबाराचेही तसेच. नरसिंहपूर जिल्ह्यातील गाडरवाऱ्याची तूरडाळ प्रसिद्ध आहे, ती जबलपूरपासून दूर नाही. तांदूळ बालाघाटकडे विपुल आहे. हिवाळ्यात जबलपूरच्या आसपास मटार इतका पिकतो की बाजारात हिरवे ढीग लागतात. दक्षिणेतून आणावयाच्या राहिल्या त्या कॉफीच्या बिया, कढीलिंबाची आठवण आणि कसब. केरळातील कॉफी हाऊसच्या मसाला डोशात बीटाचा लाल मसाला असतो आणि तेथील लोक त्यावर प्रेम करतात. नर्मदेकाठच्या गिऱ्हाइकाला मात्र बटाट्याची पिवळी भाजीच ओळखीची वाटते. अशा तडजोडी दोन्हींकडून झाल्याशिवाय परगावचा पदार्थ टिकत नाही.

येथे गृहिणींच्या उपयोगाची एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण थंड प्रदेशांत राहणाऱ्या मराठी घरांत ही तक्रार नेहमीची आहे. जबलपुरास जानेवारीत रात्रीचे तापमान आठ-दहा अंशांपर्यंत उतरते आणि मे महिन्यात दुपारचा पारा चाळिशीच्या वर जातो. डोशाचे पीठ आंबते ते त्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जिवाणूंमुळे. ते तांदूळ-उडदावरच असतात, बाहेरून घालावे लागत नाहीत. तीस अंशांच्या आसपास त्यांचे काम उत्तम चालते. थंडीत ते सुस्त होतात, कडक उन्हाळ्यात अति करतात. म्हणून मद्रासला रात्री भिजवून सकाळी तयार होणारे पीठ जबलपुरास पौष महिन्यात दुपारपर्यंत ढिम्म राहते, आणि वैशाखात पहाटेच आंबट होऊन बसते. उडीद वाटताना जो चिकट फेस येतो, तोच आत निर्माण झालेला वायू धरून ठेवतो. त्यामुळे उडीद कंजूषपणे घातला तर पीठ फुगत नाही. तीन वाटी तांदळाला एक वाटी उडीद, त्यात चमचाभर मेथीदाणे, हे प्रमाण बहुतेक घरांना मानवते. हिवाळ्यात वाटताना कोमट पाणी घ्यावे, भांडे चुलीच्या उबेला किंवा जाड कांबळ्यात ठेवावे आणि सहा तासांऐवजी बारा-चौदा तासांची वाट पाहावी. उन्हाळ्यात मात्र संध्याकाळी उशिरा वाटावे. ज्या भटारखान्यात दिवसाला शेकडो डोसे निघतात, तेथे हे गणित रोज करावे लागते. दक्षिणेतील आचारी नर्मदेवर आला म्हणजे त्याला प्रथम ऋतू शिकावे लागतात.

कॉफीविषयी थोडेच सांगतो. भाजलेल्या बियांच्या पुडीवर उकळते पाणी घालून ठिबकणारा अर्क काढावयाचा, आणि आयत्या वेळी तो गरम दुधात मिसळावयाचा, ही दक्षिणेची रीत. पूड पाण्यात घालून चहासारखी उकळत ठेवली तर कडवटपणा उतरतो आणि वास उडून जातो. मराठी घरांत कॉफीला जायफळ लागते. दक्षिणी मनुष्य ते पाहून दुःखी होतो, पण बोलत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा विषय मी निवडला, तिच्याकडे वळतो. बाहेर खाणे ही आपल्या समाजात साधी गोष्ट नव्हती. चूल कोणाची, पाणी कोणी भरले, वाढणारा कोण, पंक्तीला शेजारी कोण, हे प्रश्न विचारल्याशिवाय घासाला हात न लावणारी पिढी फार जुनी नाही. जुन्या शहरांत खाणावळीच्या पाटीवर जात लिहिलेली असे, आणि ती वाचूनच मनुष्य आत शिरे किंवा पुढे जाई. आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने आणि सार्वजनिक उपाहारगृहे यांचा मुद्दाम उल्लेख करून तेथे धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणास अटकाव करता येणार नाही, असे घातले आहे. घटनाकारांना उपाहारगृहासारख्या किरकोळ वाटणाऱ्या स्थळाचे नाव घ्यावे लागले, यावरूनच ते किती किरकोळ होते हे कळते. १९५५ साली अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांविरुद्ध कायदा झाला. त्यानंतर दोन वर्षांनी कामगारांची कॉफी हाऊस निघाली. ज्या गोपालनांनी ती काढण्याची वाट दाखविली, ते १९३१-३२ च्या गुरुवायूर सत्याग्रहात स्वयंसेवकांचे प्रमुख होते. देवळाचे दार सर्वांना मोकळे व्हावे म्हणून त्यांनी मार खाल्ला होता.

कॉफी हाऊसमध्ये वाढणारा पांढराशुभ्र गणवेश घालतो, कमरेला रुंद पट्टा बांधतो आणि डोक्यावर खळ दिलेला, पंख्यासारखा तुरा काढलेला फेटा चढवितो. इंग्रजी अमदानीतील या पोषाखाला कोणी नावे ठेवतात; मलाही पूर्वी तो थोडा नाटकी वाटे. पण त्याचा एक परिणाम असा होतो की, त्या फेट्याखालच्या माणसाची जात, गाव, भाषा यांपैकी काहीच दिसत नाही. त्याने आणलेला पेला आपण घेतो आणि पितो. समोरच्या टेबलावर कोण बसले आहे, हेही कोणी पाहत नाही. बाईमाणसाला मुलाला घेऊन एकटीने जाऊन बसता येते, हाही त्याचाच एक भाग. साठ-सत्तर वर्षांत लहान गावांतील मध्यमवर्गीय स्त्री ‘हॉटेलात जाते’ या शब्दांमधला बट्टा जो पुसला गेला, त्यात अशा साध्या, उजेडाच्या, मद्य न देणाऱ्या ठिकाणांचा हातभार आहे, असे माझे मत आहे.

सहकार हा शब्द महाराष्ट्रातील वाचकाला नवा नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेकाठी उभारलेला साखर कारखाना १९५० साली चालू झाला, तेव्हापासून आपण तो शब्द उसाच्या वासासकट जाणतो. परंतु एक भेद ध्यानात घ्यावा. साखर कारखान्यात सभासद असतो तो ऊस पिकविणारा शेतकरी. आत यंत्रापाशी उभा असलेला मनुष्य पगारी नोकर असतो. कॉफी हाऊसच्या संस्थेत पेला उचलणारा हाच सभासद आहे. भाग त्याचा, मत त्याचे, आणि कार्यकारी मंडळ निवडावयाचे तेही आपल्यातूनच. आपल्याकडे याला जवळचे उदाहरण द्यावयाचे तर १९५९ साली गिरगावात सात बायांनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या लिज्जत पापडाचे द्यावे लागेल; तेथेही लाटणारी हीच मालकीण आहे. जबलपूरची संस्था एका गावापुरती राहिली नाही. मध्यप्रदेशातील आणि छत्तीसगडातील शहराशहरांतून तिच्या शाखा पसरल्या, आणि काही ठिकाणी उतरण्याच्या खोल्यांची सोयही तिने केली. भोपाळ-रायपूरकडे नोकरीनिमित्त बदलून गेलेल्या मराठी कुटुंबांना हे सांगण्याची गरज नाही. त्यांच्यापैकी कित्येकांचा तेथील पहिला नाश्ता याच टेबलावर झालेला असेल.

मालक आणि नोकर एकच असला म्हणजे सर्व सुखच, असे मात्र कोणी समजू नये. खाजगी मालक दर वाढवितो तेव्हा गिऱ्हाईक कुरकुरते आणि देते. येथे पेल्याची किंमत वाढवावयाची तर ‘सामान्य माणसाचे ठिकाण’ हा लौकिक आड येतो, आणि न वाढवावी तर स्वतःचाच पगार अडतो. हा झगडा दर वर्षी सभेपुढे येणार. १९९० नंतर वातानुकूलित खोलीत, मऊ कोचावर, कितीतरी पट दराने कॉफी देणाऱ्या कंपन्या निघाल्या आणि तरुण मंडळी तिकडे वळली. २०२० च्या मार्चअखेर देशभर टाळेबंदी झाली तेव्हा उपाहारगृहांच्या खुर्च्या उलट्या झाल्या. ज्या संस्थेला बाहेरचा धनी नाही, तिचा तोटा सभासदांतच वाटला जातो. शिवाय ज्या पहिल्या कामगारांनी नोकरी गेल्याचा धसका घेऊन ही संस्था बांधली, त्यांची मुले शिकून दुसऱ्या व्यवसायांत गेली असतील तर त्यात दुःख करण्यासारखे काही नाही. बापाने पेले वाहिले ते बहुधा त्याचसाठी. परंतु नव्याने येणाऱ्या माणसाला ही नोकरी आहे की मालकी, हे समजावून देण्याचे काम प्रत्येक पिढीत नव्याने करावे लागते. ते जेथे झाले नाही तेथे सहकारी संस्थेची केवळ पाटी उरते, याची उदाहरणे आपल्या राज्यात शोधावयास लांब जावे लागणार नाही.

जबलपूरला जाणाऱ्या वाचकाने आणखी एक वाट पाहावी. नर्मदेची परिक्रमा करणारे लोक या गावाला लागून असलेल्या ग्वारीघाट, तिलवाराघाट, लम्हेटाघाट, भेडाघाट या काठाने जातात. नदी उजव्या हाताला ठेवावयाची आणि चालत राहावयाचे. परंपरेप्रमाणे सर्व नियम पाळले तर तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस लागतात. त्यांना वाटेत सदावर्त मिळते, म्हणजे कोरडा शिधा: पीठ, डाळ, मीठ. तीन दगडांची चूल मांडून जाड टिक्कड भाजणारे असे चालणारे घाटावर आजही दिसतात. याच जबलपूरचे अमृतलाल वेगड (१९२८-२०१८) शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्यापाशी चित्रकला शिकले आणि वयाच्या पन्नाशीला आल्यावर, १९७७ साली, नदीकाठाने चालावयास निघाले. त्यांनी लिहिलेली प्रवासवर्णने हिंदी आणि गुजराती अशा दोन्ही भाषांत वाचली जातात, आणि चित्रकाराची नजर त्यांच्या पानोपानी आहे. ज्यांना हिंदी येते त्यांनी ती मुळातूनच वाचावीत. आम्हां भाषांतरकारांसाठी थांबू नये.

कुटुंबासह एक दिवस हाती असेल तर सकाळी लवकर भेडाघाट उरकावा, कारण दुपारी दगड तापतो. परतताना मदनमहालाच्या टेकडीवरील तोल सांभाळून बसलेली प्रचंड शिळा मुलांना दाखवावी. २२ मे १९९७ च्या भूकंपात गावातल्या घरांना तडे गेले, ती शिळा मात्र जागची हलली नाही. मग कॉफी हाऊस. गर्दी असल्यास थोडे उभे राहावे लागेल. डोसा येण्यास वेळ लागला तर घाई करू नये. तवा पुरेसा तापलेला नसताना घातलेला डोसा चिकटतो, आणि ते आचाऱ्याच्या हातचे नसते. खव्याची काळसर जिलबी ही या गावची खरी मिठाई आहे, ती तेथे न मागता बाजारातून घ्यावी. आणि उन्हे उतरल्यावर ग्वारीघाटावर जावे. सायंकाळी तेथे नर्मदेची आरती होते, द्रोणातले दिवे पाण्यावर सोडले जातात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निघावयाचे असलेले परिक्रमावासी पायरीवर बसून आपल्या शिध्याच्या गाठी सोडीत असतात.